कोपऱ्यातली ओली जागा

आमच्या सातवीच्या वर्गाचं दार पावसाळ्यात उघडत नाही आणि उन्हाळ्यात लागत नाही.

तालुक्याच्या नेरहून आत गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस आणि तूर लागते, आणि त्या शिवारातच आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, निव्वळ काळ्या मातीवर उभी. जुलैत जमीन फुगते, चौकट वर उचलली जाते आणि दार असं अडकतं की दोन पोरांनी खांदा लावल्याशिवाय हलत नाही. मग नेरचे एक सुतारचाचा येतात, दार खालून तासून देतात आणि दरवर्षी तेच सांगतात, "मॅडम, अब नहीं अटकेगा." एप्रिल आला की तेच दार चौकटीत खुळखुळायला लागतं आणि त्याच्या खालून कुत्र्याचं पिल्लू आरामात वर्गात येतं.

फळ्याच्या भिंतीला एक भेग आहे. पावसाळ्यात ती केसाएवढी असते. मार्च संपता संपता तिच्यात माझा पंजा मावतो. पोरं तिच्यात पेन्सिली, गोट्या, तुटक्या बांगड्या टाकतात. पावसाळ्यात ती मिटते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते तेव्हा आत काहीच नसतं. मी मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं आहे. पहिल्या वर्षी मला हे मुळीच आवडलं नव्हतं आणि आजही, खरं सांगायचं तर, त्या भिंतीकडे पाठ करून मी फार वेळ उभी राहत नाही.

मी मूळची उमरखेडची. बदली होऊन इथे आले तेव्हा सामानात दोन गोष्टी पक्क्या होत्या, विज्ञानावरचं प्रेम आणि विज्ञानाच्या पुस्तकावरचा राग. त्या पुस्तकातले शब्द पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशांसारखे आहेत. कपाटात चमकतात, पण घरातलं कुणी त्यातून चहा पीत नाही. बाष्पीभवन. घर्षण. अभिसरण. पोरं ते घडाघडा पाठ म्हणतात आणि डोळ्यांत बघावं तर आत सगळा शुकशुकाट. मला भारी चीड येते. म्हणून मी वर्गात एक नियम केला: शब्द तोंडात नको, हातात आणून दाखवा. ज्यानं शब्द हातात आणला त्याला मी म्हणते, "बरोबर. बस." त्यापेक्षा मोठं बक्षीस आमच्या वर्गात नाही.

या नियमामुळे वर्गात काय काय आलं! बाष्पीभवन म्हणून एकानं ओला रुमाल आणला आणि तास संपेपर्यंत तो हवेत धरून बसला. घर्षण म्हणून एक मुलगी दोरानं सोललेला तळवा घेऊन आली; विहिरीतून घागर ओढताना दोर सटकला होता. तिला आधी "बरोबर" म्हटलं आणि मग हळद लावायला स्वयंपाकखोलीत पाठवलं.

आमच्या स्वयंपाकखोलीत खिचडीवाल्या मावशी आहेत. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण अख्खी शाळा त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. बाई कमी बोलणारी. गळ्यात मंगळसूत्राबरोबर एका काळ्या दोऱ्यात चांदीचा एक इवलासा वाळा घातलेला, तान्ह्या बाळाच्या पायात घालतात तसला. त्या पातेल्यावर वाकल्या की तो काठावर आपटतो, टण्ण. सातवीचा वर्ग स्वयंपाकखोलीला लागूनच आहे. मी शिकवत असताना भिंतीपलीकडून तो आवाज येतो, आणि तो आवाज थांबला की मला कळतं, मावशी तास ऐकतायत.

मावशींची एकच गोष्ट मला खटकायची. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात, कुंपणाला धरून, सुपाएवढी एक जागा आहे. मावशी रोज दुपारी खिचडीची भांडी झाली की तिथे बादलीभर पाणी घालायच्या. मला वाटलं काही लावलं असेल. पाहिलं तर काहीच नाही. उलट तिथे हिरवं काही डोकावलं की मावशी बसून ते नखानं खुडून टाकायच्या. एप्रिलमध्ये अख्खं मैदान पांढरं पडून तडकलेलं, आणि त्या कोपऱ्यात मात्र एक काळीभोर, ओली, गुळगुळीत जागा. पोरं तिथे खेळायला जात नसत. चेंडू गेला तरी मावशींना हाक मारत. मी एकदा हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, पाणी बोअरचं आहे, त्यांच्या हाताला चव आहे." या उत्तराचा अर्थ मी आजवर लावते आहे.

सहामाहीच्या आसपास सजीवांची लक्षणं घ्यायची होती. श्वसन, हालचाल, वाढ वगैरे. "वाढ हातात आणा," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोड आलेले मूग इतके आले की मावशींनी त्यांची उसळ केली. एक पोरगा मात्र मागच्या वर्षीची फाटकी चप्पल घेऊन आला. ती पायात घालायला गेला तर टाच पार बाहेर.

"ही काय वाढ?" मी विचारलं.

"मॅडम, चप्पल लहान झाली न. म्हंजे मी वाढलो."

मी इतकी खूश झाले की टेबलावर हात आपटला. "बरोबर! बस! याहून पक्का पुरावा नाही. वाढ कधी दिसत नाही, काहीतरी लहान झालं की कळते."

भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला. तासात त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील. "म्हंजे मॅडम, चप्पल लहान झाली तं लेकरू जित्तं?"

वर्ग हसला. मीही हसले. "हो मावशी, पक्कं जितं!"

पलीकडे पुन्हा टण्ण वाजलं आणि मी धडा पुढे नेला.

संक्रांतीनंतर ऊन जरा तापायला लागलं आणि आकुंचन-प्रसरण आलं. पुस्तकात तापवलेला लोखंडी गोळा आणि कडी. आमच्याकडे ना गोळा ना कडी. पण भेगा होत्या, आणि मला वाटलं, यांच्याइतकं आकुंचन महाराष्ट्रात कुणाच्या अंगणात असेल? वर्ग मैदानात नेला. मावशींचा कोपरा सोडला तर सगळीकडे जाळं पडायला सुरुवात झाली होती. त्या वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी होती, अतिशय आगाऊ आणि म्हणूनच माझी लाडकी. तिनं तुराटी उचलून एका भेगेत घातली. तुराटी गेली. तिनं हात सोडला आणि उरलेलीही गेली. पडल्याचा आवाज आला नाही. आम्ही सगळे वाकून पाहत होतो आणि आतून वर ओलसर, थंड वास येत होता, फार दिवस न उघडलेल्या पेटीचा असतो तसा.

"मॅडम, हे कुठवर हाय?"

मला माहीत नव्हतं. "पुष्कळ खोल," एवढंच मी म्हणाले.

"मंग जमिनीत गेलेलं वापस येत नाही का?"

हा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं, त्यामुळे मी फुशारले. सांगितलं की काळी माती पाणी पिते आणि फुगते, सुकली की आक्रसते. फुगताना ती पोटातला गोटा वर उचलते. सुकताना गोट्याखाली बारीक माती शिरते आणि त्याची खाली जायची वाट बंद होते. पुढच्या पावसात तो आणखी थोडा वर. "म्हणून तर तुमचे वडील दरवर्षी वावरातले गोटे वेचतात आणि दरवर्षी नवे निघतात. बारीक खाली, मोठं वर."

चेहऱ्यांवर तोच शुकशुकाट. नियम मलाही लागू होता. मी मावशींकडून तांदळाचा डबा आणि एक बटाटा मागून घेतला. बटाटा डब्याच्या तळाशी ठेवला, वर तांदूळ ओतले, सपाट केले. "आता डबा हलवायचा. एक हलवणं म्हणजे एक पावसाळा, एक उन्हाळा." पोरं आळीपाळीनं हलवू लागली. मावशी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग मधोमध तांदूळ जरासे उचलले गेले. दाणे बाजूला घरंगळले. आणि त्या पांढऱ्या तांदळातून हळूच एक गोल, फिकट टाळू वर आली.

पोरं ओरडली, टाळ्या वाजल्या. बटाटाच तो. पण ज्या बेतानं तो वर आला, एवढीशीही घाई नाही, एवढासाही आवाज नाही, ते पाहून मला डबा बंद करावासा वाटला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातला वाळा मुठीत धरला होता.

तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण चुना लावून गोटे पुरू. थोडे सुक्क्या जागी, अन् थोडे मावशीच्या ओल्या जागी. तिथं भेग पडत नाही न. मंग पाहू कुठले वर येतेत." एखाद्या शास्त्रज्ञानं योजावा असा प्रयोग होता. मी म्हणाले, "वा! आणा कुदळ."

मावशी दारातून मैदानात आल्या. हातात पळी होती, ती त्यांनी तशीच धरली होती.

"तिथं कुदळ नाही लावाची."

आवाज मोठा नव्हता. पण आणलेली कुदळ पोरानं खाली ठेवली. मी पोरांना सुक्या जागी खड्डे करायला लावलं आणि मावशींबरोबर स्वयंपाकखोलीत गेले. चुलीवर आधण होतं. त्यांनी झाकण सारखं केलं आणि त्याकडेच बघत बोलल्या.

"माह्यी पोट्टी हाय तिथं."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"शाळा नव्हती तवा. आमचं वावर होतं, अन् तिथं धुरा होता, वावराचा बांध. पालथी पडाले लागली होती नुकतीच. ताप आला, नेरले नेता नेता गेली. लेकराले जाळत नाहीत न मॅडम, पुरतेत. धुऱ्यावर पुरली, वर बोरीचे काटे टाकले. मंग सासऱ्यानं हा तुकडा शाळेले देल्ला. मले कोण इचारते! काटे काढले, मैदान केलं. म्हून मी खिचडीचं काम धरलं."

"आणि पाणी?"

"उन्हाळ्यात भेग पडली तं तिले ऊन लागीन न."

"आणि गवत का उपटता?"

"मुळं आंगात जातीन तिच्या."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला बसावंसं वाटलं. त्या खोलीत एकच पाट होता आणि त्यावर कोथिंबीर होती, म्हणून मी उभीच राहिले.

"असती तं तुमच्याच वर्गात असती," त्या म्हणाल्या. मग गळ्यातला वाळा वर करून दाखवला. "मामानं बारशाले आणले होते. सासू म्हणे, चांदी मातीत कायले टाकतं, काढ. एक काढला. दुसरा नाही काढू देल्ला मी. पार उघडी वाटली असती."

आधण उकळायला लागलं. मावशींनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, खरं हाय का थे? वर येते का?"

इतकी वर्षं मी मुलांना ओरडते आहे की प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. असा प्रश्न मात्र कुणी विचारू नये असं वाटलं. मी शक्य तितकं हळुवार सांगितलं की गोटा वर येतो, कारण तो कडक असतो. एवढ्याशा बाळाची हाडं फार कोवळी असतात. ती केव्हाच मातीत विरून गेली असतील. मुलीची माती झाली असेल, आणि माती कुठे जात नाही, तिथेच राहते. तुम्ही घाबरू नका, काही वर येणार नाही.

"सगळं इरून जाते?"

"सगळं."

"वाळाही?"

खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण माझ्या तोंडून सवयीनं खरं गेलं. "चांदी विरत नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि तांदूळ आधणात सोडले. त्या घाबरल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाली. मावशींनी बादली पालथी घातली आणि घरी गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आधी वाटलं, बोअरला पाणी कमी असेल. होळीपर्यंत त्या कोपऱ्याचा रंग उतरला. काळा होता तो राखाडी झाला, मग मैदानासारखाच पांढरट. मग एक दिवस त्याच्या अगदी मधून दोऱ्यासारखी एक रेघ गेली.

मला ती रेघ पाहवेना. मी रोज सकाळी आल्या आल्या पिशवी ठेवायच्या आधी तिथे जाऊ लागले. रेघेची भेग झाली. बोट जाईल एवढी, मग दोन बोटं. काठ आतल्या बाजूला वळले, ओठ वळतात तसे. मी विज्ञान शिकवते, मला भेग का पडते ते माहीत आहे, कणाकणानं माहीत आहे. पण तिच्यावर वाकून आत बघायची माझी हिंमत झाली नाही. वाकले असते तर काय दिसलं असतं? काही नाही. अंधार. तरी नाही वाकले.

शेवटी एके दिवशी मधल्या सुट्टीत मीच बादली भरली आणि कोपऱ्याकडे निघाले. मावशी मागून आल्या. त्यांनी बादलीची कडी धरली.

"नका घालू."

"मावशी, भेग बघा केवढी झाली. तुम्हीच म्हणाल्या होत्या, ऊन लागेल."

"लागू द्या थोडं. माह्याच पाण्यानं अडून राह्यली असन थे. मी इतके वर्स दाबून ठेवली तिले. आता येऊ द्या."

"अहो, कोण येणार? मी सांगितलं ना तुम्हाला…"

"तुमी सांगतलं, चांदी इरत नाही."

मला त्यांचा राग आला, माझाही आला, आणि सगळ्यात जास्त त्या बटाट्याचा. माझ्या धड्यातलं नेमकं कुठलं वाक्य या बाईनं उचललं आणि कशासाठी, हे मला आता लख्ख कळलं होतं. ती वाट पाहायला लागली होती. इतकी वर्षं तिनं ती जागा सांभाळली, आणि आता सांभाळणं सोडून वाट पाहत होती. वर काही आलं नाही तर तिचं काय होईल याची मला भीती वाटत होती, आणि काही आलं तर काय होईल याचीही. बादलीतलं पाणी मी कडुनिंबाला घातलं. कडुनिंबाखाली आमचे चुना लावलेले गोटे पुरलेले होते, त्यांच्यावर पोरांनी बारीक काड्या रोवल्या होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी उमरखेडला गेले. तिथेही काळी मातीच. आईच्या अंगणात भेगा पडलेल्या. मी सकाळ-संध्याकाळ नळी लावून अंगण भिजवायचे आणि आई म्हणायची, "अगं, तुला काही उद्योग नाही का?"

शाळा उघडली, पाऊस झाला, जमीन पुन्हा फुगली. सातवीचं दार अडकलं. सुतारचाचांना निरोप गेला. ती मुलं आता आठवीत गेली होती, पण आमच्याच इमारतीत, शेजारच्या खोलीत. कोपऱ्यातली भेग मिटली होती. तिथे आता गवत उगवलं होतं आणि मावशी ते उपटत नव्हत्या. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, मीठ किती, पोरं किती. पण डोळे खिडकीतून कोपऱ्यावर. भिंतीपलीकडून टण्ण आवाज येईनासा झाला होता. मी एकदा डोकावले तर त्या पातेल्यावर वाकताना वाळा डाव्या हातानं छातीशी धरून ठेवत होत्या. म्हणाल्या, "तिकडचा वाजला तं आयकू आला पाह्यजे."

पोळ्याच्या आधी प्रयोग बघायचा ठरला. आठवीची पोरं कडुनिंबाखाली जमली. काड्या काही होत्या, काही वाहून गेल्या होत्या. पांढरा गोटा एकही दिसत नव्हता. पोरं हिरमुसली. मी त्यांना सांगितलं की माती अशी घाई करत नाही, एका पावसाळ्यात एवढंस्संच वर येतं, धीर धरा. हे मी जरा मोठ्यानं सांगितलं, स्वयंपाकखोलीपर्यंत जावं म्हणून.

"मॅडम."

दोन वेण्यांची मुलगी आमच्यात नव्हती. ती कोपऱ्यात उभी होती, जिथे कुणी जात नसे तिथे. खाली बघत होती.

मी धावले असं म्हणता येणार नाही, पण चालायला मला फार वेळ लागला असंही आठवतं. गवताच्या दोन जुडग्यांच्या मध्ये, पावसानं धुतलेल्या मातीवर, एक काळपट कडी पडली होती. पुरलेली नाही, रुतलेली नाही. ठेवल्यासारखी वर. मुलीनं ती उचलली, फ्रॉकला पुसली, आणि खालून चांदी दिसली.

मी आधी मागे वळून मावशींच्या गळ्याकडे पाहिलं. हो, माझ्या मनात तेच आलं, आणि ते आलं म्हणून मला कुणी नावं ठेवू नयेत. त्या दारात येऊन उभ्या होत्या. काळा दोरा गळ्यात होता आणि त्यात त्यांचा वाळा होता.

त्या चालत आल्या. पोरं आपोआप बाजूला झाली. त्यांनी मुलीच्या हातातून वाळा घेतला आणि गळ्यातल्याशेजारी धरला. घडण तीच. टोकांना तेच दोन बारके कमळाचे कळे. फरक एकच होता. गळ्यातल्या वाळ्याचे कळे एकमेकांना टेकलेले होते. मातीतून आलेल्याचे लांब फाकले होते, कुणी आतून ताणून उघडावं तसे.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. दाब. माती फुगते तेव्हा चहूबाजूंनी दाबते. पण दाबानं वाळा चेपायला हवा, मिटायला हवा, उघडायला नको. मग सुकताना भेगेनं ताणला असेल. एक टोक या काठात, एक त्या काठात. तसं होऊ शकतं. हो, तसं होऊ शकतं, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं, आणि ते सांगायला तोंड उघडलं.

मावशींचा चेहरा उजळला होता. तो मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"लहान झाला तिले," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही.

"लहान झाला म्हून काढून टाकला तिनं. पाय वाढला, मॅडम." मग त्या मुलीसमोर मातीत बसल्या. "पाय दे वं माय इकडे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि चपलेतून पाय काढून पुढे केला. मावशींनी तो फाकलेला वाळा तिच्या घोट्याला लावून धरला. अर्ध्यालाही पुरला नाही. घोट्याच्या एका बाजूला तो चंद्रकोरीसारखा टेकला आणि मावशी त्याच्याकडे आणि पायाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, शिंपी माप घेताना बघतो तशा.

"एवढाच झाला असन," त्या म्हणाल्या. "एवढाच असन आता."

मुलीनं पाय मागे घेतला नाही. मीही तिला वर्गात जा म्हणाले नाही.

मावशी उठल्या. वाळा उजव्या तळहातावर ठेवून त्यांनी हात माझ्यापुढे केला. मागच्या वर्षी अख्खा वर्ग जसा करायचा, अगदी तसा.

"वाढ," त्या म्हणाल्या.

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. आकुंचन, दाब, चांदीचा मऊपणा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पायाखालची माती ओली, गच्च भरलेली होती, आणि मला वाटलं, ती आत्ता जराशी हलली.

"बरोबर," मी म्हणाले. पुढचा शब्द माझ्याच्यानं निघाला नाही. तो ऐकल्यासारखं मावशींनीच केलं, आणि त्या तिथे, त्या जागेशेजारी, गवतावर बसल्या.